हानियाची न्याहारी

ग्रीसमध्ये न्याहारी असा काही प्रकारच नाही, असं अथेन्समध्ये राहिलेली माणसं ठामपणे सांगतात. अथेन्सपुरतं ते बरंचसं खरंही आहे. तिथला नोकरदार सकाळी एका हातात बर्फ घातलेल्या कॉफीचा ग्लास आणि दुसऱ्या हातात तीळ लावलेलं कुलुरी, म्हणजे कड्याच्या आकाराचा पाव, घेऊन बसकडे धावतो. पोटभर जेवण दुपारी दोनच्या पुढे. पण क्रीट बेटाच्या पश्चिमेला हानिया नावाचं जुनं बंदर आहे, आणि तिथली सकाळ वेगळी असते. सात ते दहाच्या दरम्यान तिथे जे खाल्लं जातं आणि ज्या रीतीनं ते समोर ठेवलं जातं, त्यात त्या बेटानं सोसलेलं आणि जपलेलं बरंच काही दिसतं.

हानियाची छायाचित्रं बहुतेकांनी पाहिलेली असतात. व्हेनिसच्या राजवटीतलं अर्धगोल बंदर, टोकाला दीपस्तंभ, पाण्याला लागून खुर्च्यांच्या रांगा. व्हेनिसकडून हे शहर १६४५ मध्ये ऑटोमन तुर्कांकडे गेलं. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं तेव्हा हानिया राजधानी झालं, आणि १ डिसेंबर १९१३ रोजी इथल्याच फिर्कास किल्ल्यावर ग्रीसचा झेंडा चढला. पुढे तीनच दिवसांत, ४ डिसेंबरला, ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान एलेफ्थेरियोस वेनिझेलोस यांनी गावातल्या मंडईचं उद्‌घाटन केलं. क्रूसाच्या आकाराची ती दगडी मंडई मी गेले तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती, पण तिच्या आसपासच्या गल्ल्या पहाटेपासून जाग्या होत्या. न्याहारी शोधायची तर बंदराकडे पाठ करून या गल्ल्यांत शिरायचं.

मंडईजवळच आपोकोरोनू रस्त्यावर ‘इओर्दानिस’ हे दुकान आहे. १९२४ पासून चालू. पदार्थ एकच : बुगात्सा. कागदासारख्या पातळ पाऱ्यांच्या थरांमध्ये चीज भरून भट्टीत भाजलेला हा प्रकार गरम असतानाच रुंद पात्याच्या सुरीनं खटखट तुकडे करून बशीत येतो. उत्तरेकडे थेसालोनिकीत बुगात्सामध्ये गोड खीरवजा सारण असतं. हानियात मात्र आंबटसर, किंचित खारट ताजं चीज. साखर आणि दालचिनीची पूड वरून घालायची की नाही, हे गिऱ्हाईकानं ठरवायचं. मी पहिल्यांदा साखरेशिवाय मागितला. दुकानातल्या माणसानं बशी पुढे केली आणि शेजारी साखरेचं भांडं न बोलता ठेवलं. दोन घासांनंतर मी चिमूटभर साखर घातली आणि त्या चवीचं गणित कळलं. खारट, आंबट, गोड आणि पाऱ्यांचा भाजका वास, सगळं एका घासात. या भागातल्या ‘पिख्तोगालो’ नावाच्या मऊ चीजला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. शेळी-मेंढीच्या दुधाचं हे चीज हानिया जिल्ह्याबाहेर त्या नावानं करता येत नाही, आणि बुगात्साची आंबट चव अशाच चीजमधून येते.

१९२४ हे साल लक्षात ठेवावं असं आहे. त्याच्या आदल्या वर्षी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला होता. धर्म हा एकच निकष लावून सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले किंवा आधीच पळून आलेले तिथेच राहिले, आणि सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. क्रीटचे मुसलमान क्रीटचीच ग्रीक बोली बोलत होते. त्यांनाही जावं लागलं, आणि एजियन समुद्राच्या पलीकडे आयवालिकसारख्या गावांत त्यांच्या घरांतून ती बोली पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिली. आशिया मायनरमधून इकडे आलेल्या निर्वासितांनी सोबत फारसं काही आणलं नाही, पण पाऱ्या लाटायची, ताणायची, थर लावायची कला हातात होती. ग्रीसभर बुगात्साची दुकानं पसरली ती त्या वर्षांत. फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या हातच्या पदार्थांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये.

या इतिहासाच्या खुणा स्प्लांत्झिया या मोहल्ल्यात जागोजागी आहेत. चौकातलं संत निकोलसचं चर्च व्हेनिसच्या काळात बांधलं गेलं, ऑटोमन काळात मशीद झालं, पुन्हा चर्च झालं. आज त्याच्या एका बाजूला घंटेचा मनोरा आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनार. समोर मोठा चिनार आणि त्याच्या सावलीत कॉफीची टेबलं. सकाळी तिथे म्हातारे पुरुष बसलेले असतात. टेबलावर छोट्या कपात ग्रीक कॉफी आणि तिच्यासोबत न मागता आलेला पाण्याचा ग्लास. ही कॉफी ‘ब्रिकी’ नावाच्या लांब दांड्याच्या पितळी भांड्यात मंद आचेवर चढते आणि साखर शिजतानाच पडते. त्यामुळे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं : बिनसाखरेची ‘स्केतो’, बेताची ‘मेत्रियो’, गोड ‘ग्लिको’. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग घोट घोट. एक कप तासभर पुरतो. उठा असं कुणी सुचवत नाही, बिल आणून आपटत नाही. ग्रीक आदरातिथ्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. पाहुण्याला पदार्थ देण्याआधी ते वेळ देतात.

मी त्या चौकामागच्या गल्लीत एका घरी उतरले होते. खाली घरमालकीण बाई, सत्तरी ओलांडलेल्या. वर भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या. भाड्यात न्याहारी धरलेली नव्हती. तरी पहिल्याच सकाळी जिना उतरताना स्वयंपाकघरातून हाक आली, “एला, पेदी मू!” ये गं बाळा, अशी. त्यांचं इंग्रजी शे-दोनशे शब्दांचं, माझं ग्रीक त्याहून कमी. मी “ओखी, एफखारिस्तो”, नको, आभारी आहे, असं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यावरची उशी थोपटली. माझा नकार त्यांनी ऐकला होता, पण आपल्याकडच्या आज्या ऐकतात तितपतच.

टेबलावर होतं ते असं. पाणी निथळून घट्ट झालेलं मेंढीच्या दुधाचं दही, त्यावर तुळशीच्या कुळातल्या ‘थाइम’ झुडपाच्या फुलांवरचा गडद मध आणि अक्रोड. जवाचं दोनदा भाजलेलं टणक पाक्सिमादी, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल. तेल म्हणजे चार थेंब नव्हे. बाईंनी बाटली उपडी धरली आणि मी हात पुढे करेपर्यंत उचलली नाही. सुकवलेले काळे ऑलिव्ह. पालेभाजी आणि बडीशेपेच्या कोवळ्या पानांचं सारण घातलेल्या छोट्या कालित्सुनिया. नारिंगीच्या सालीचा मुरांबा, काचेच्या छोट्या बशीत, एकच चमचा आणि सोबत थंड पाणी. आणि मालोतिरा, म्हणजे लेफ्का ओरी या पांढऱ्या डोंगरांवरून गोळा केलेल्या वनस्पतीचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा.

हे सगळं एका घरात रोज होत नाही, हे सांगायला हवं. बाई एरवी कॉफीत पाक्सिमादी बुडवून खातात आणि कामाला लागतात. पाहुणा आला की मात्र फडताळातलं सगळं बाहेर येतं. पण बाहेर येतं ते घरचंच. मध भावाच्या पेट्यांमधला, तेल गावाकडच्या स्वतःच्या झाडांचं, मुरांबा गेल्या हिवाळ्यातला. बाजारातून पाहुण्यासाठी म्हणून आणलेलं काही नव्हतं. आमचं जे आहे त्यातलं चांगलं ते तुझ्यापुढे, एवढाच त्यांचा हिशोब.

शनिवारी त्या मला मिनोओस रस्त्यावरच्या आठवडी बाजारात घेऊन गेल्या. जुन्या तटबंदीलगत शेतकरी गाड्या लावतात. तिथे पालेभाज्यांच्या ढिगाऱ्यात मला घोळ दिसली. तीच लालसर देठांची, जाड बुटक्या पानांची घोळ, जी आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवते आणि डाळ घालून होते. क्रीटमध्ये ती कच्चीच टोमॅटो-काकडीत मिसळतात. शेजारी ‘व्लिता’ होती, आपल्या माठाच्याच कुळातली. ती उकडून लिंबू-तेल घालून खातात. हिवाळ्यात स्तामनागाथी नावाची काटेरी झुडपातली कडवट भाजी येते आणि ती सगळ्यांत महाग. बाईंनी प्रत्येक जुडीचं एक पान तोडून मला चाखायला लावलं, आणि विकणाऱ्यांपैकी कुणाचीही त्याला हरकत नव्हती. घरी परतल्यावर त्यांनी स्फाकियाची पोळी केली. स्फाकिया हा दक्षिण किनाऱ्यावरचा डोंगराळ मुलूख. कणकेत तेल आणि थोडी त्सिकुद्या, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू, घालून मळतात. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्राचा गोळा भरतात, तोंड मिटतात आणि हातानं थापत-लाटत पातळ करतात. पुरणपोळी येणाऱ्या कुणालाही ही पोळी पहिल्या फटक्यात जमेल, कारण कसब तेच आहे : सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे आणि पोळी फुटता कामा नये. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि वर मध. मी एक लाटली. बाईंनी ती उजेडासमोर धरून पाहिली आणि शेजारणीला हाक मारून दाखवली.

आता या अन्नाबद्दल एक गोष्ट, जी हॉटेलांच्या माहितीपत्रकांत नसते. ‘मेडिटरेनियन आहार’ म्हणून जगभर जे विकलं जातं त्याचा उगम मोठ्या प्रमाणात क्रीटमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेट उद्ध्वस्त झालेलं असताना, १९४८ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशननं ग्रीक सरकारच्या विनंतीवरून इथली पाहणी केली. तिचा लेलंड ऑलबॉ यांनी लिहिलेला अहवाल १९५३ मध्ये पुस्तकरूपानं आला. लोकांच्या आहारातल्या ऊर्जेपैकी प्राणिजन्य पदार्थांतून येणारा वाटा अवघा सात टक्क्यांच्या आसपास होता. बाकी धान्य, कडधान्य, भाज्या, फळं आणि तेल. पुढे अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण सगळ्यांत कमी निघालं आणि हा आहार आदर्श ठरला. पण त्याच १९४८ च्या पाहणीत सहापैकी जेमतेम एका कुटुंबानं आपल्या जेवणाबद्दल समाधान सांगितलं होतं. बहुतेकांना मांस हवं होतं. जवाचं पाक्सिमादी दोनदा भाजायचं कारण आरोग्य नव्हतं. भट्टी पेटवायला सरपण लागतं, म्हणून एकदाच पेटवायची आणि कित्येक आठवडे टिकेल असा पाव करून ठेवायचा. मेंढपाळ तो डोंगरावर नेत, खलाशी बोटीवर नेत आणि पाण्यात भिजवून खात. रानभाज्या खुडल्या जात त्या फुकट मिळत म्हणून.

हे कळल्यावर बाईंच्या टेबलाकडे बघण्याची माझी नजर बदलली. अभावातून आलेलं अन्न पाहुण्यापुढे ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. त्यांच्या आईच्या काळात याच अन्नाला लाजत, असं त्यांनी सांगितलं. पाहुणा आला की कुठून तरी पांढरा गव्हाचा पाव पैदा करावा लागे. आज जवाचा पाव गव्हाच्या पावापेक्षा महाग मिळतो. आपल्याकडे नाचणीची भाकरी आणि ज्वारी यांचं जे झालं, तेच तिथे एक पिढी आधी घडलं.

आदरातिथ्याचा प्रश्न निघाला की लोक होमरपर्यंत मागे जातात. झ्यूस हा पाहुण्यांचा रक्षक देव, दारात आलेल्याला आधी जेवू घालायचं आणि मग नाव विचारायचं, वगैरे. ते खरं आहे. पण मला वाटतं, हानियाच्या आदरातिथ्याची मुळं शोधायला इतकं लांब जायची गरज नाही. आजच्या म्हाताऱ्यांच्या आईवडिलांनी १९४१ पाहिलं. त्या वर्षी २० मे रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक हानियाच्या पश्चिमेला मालेमे विमानतळाच्या परिसरात उतरले. दहा-बारा दिवसांत बेट पडलं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सैनिक डोंगर ओलांडून स्फाकियाच्या किनाऱ्याकडे गेले आणि तिथून बोटींनी इजिप्तला हलवले गेले. पण हजारो मागे राहिले. त्यांतल्या अनेकांना डोंगरातल्या खेड्यांनी गोठ्यांत, गुहांत लपवलं आणि स्वतःच्या तोंडचा घास दिला. परक्या सैनिकाला आसरा देण्याची शिक्षा मृत्यू होती. प्रतिकाराचा सूड म्हणून कांदानोस हे अख्खं गाव ३ जूनला जमीनदोस्त केलं गेलं, आणि तिथे एके काळी कांदानोस होतं असं सांगणाऱ्या पाट्या जर्मनांनीच लावल्या. त्या पाट्यांवरचा मजकूर आज गावाच्या स्मारकात कोरलेला आहे. भाषा न कळणाऱ्या अनोळखी माणसाला घरात घ्यायची काय किंमत पडू शकते, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. तरीही दार उघडं राहिलं. मी बाईंना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी वडिलांच्या गावाचं नाव सांगितलं, “दोन न्यूझीलंडचे, सगळा हिवाळा,” एवढंच म्हणाल्या आणि बशीत आणखी एक कालित्सुनी ठेवली.

रोजच्या व्यवहारात याची खूण म्हणजे ‘केरासमा’. जेवण झाल्यावर न मागता येणारी फळांची बशी आणि त्सिकुद्याची छोटी सुरई हा केरासमा. पर्यटकांच्या हॉटेलांतही तो मिळतो. पण त्याचं अस्सल रूप सकाळच्या कॉफीच्या दुकानात दिसतं. मी पैसे द्यायला उठले तर दुकानदार मान वर करून जीभ टाळ्याला लावतो. इथे नकाराची खूण तीच. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडे बोट. त्यानं दिले. त्याच्याशी माझं एक शब्दही बोलणं झालेलं नसतं. तो नुसता कप उचलून दाखवतो. त्याला माझ्याकडून काहीही नको असतं, ओळखसुद्धा नाही. अनोळखी माणूस माझ्या गावात बसला आहे आणि त्याची कॉफी माझ्याकडून जावी, यात त्याचा मान आहे. हा मान त्याच्या हातून काढून घेणं, म्हणजे हट्टानं आपले पैसे पुढे करणं, हा तिथे उद्धटपणा ठरतो. पाहुण्यालाही नियम आहेत, आणि त्यातला पहिला म्हणजे घेता आलं पाहिजे. आपल्याला देणं शिकवतात. निमूट घेणं मला हानियात शिकावं लागलं.

हे सारं टिकेल का, याची काळजी तिथल्या लोकांना आहे. ग्रीसची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास आणि वर्षाला येणारे परदेशी पाहुणे तीन कोटींहून अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या सुडाच्या बंदरात क्रूझ बोट लागली की काही हजार माणसं एकदम जुन्या गावात उतरतात आणि संध्याकाळी परत जातात. जुन्या वस्तीतली घरं पर्यटकांना दिवसाच्या हिशोबानं भाड्यानं जातात, त्यामुळे बदलीवर आलेल्या शिक्षकांना खोली मिळत नाही, असं मला एकाहून अधिक जणांनी सांगितलं. सरकारनं २०२४ पासून मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीवर हवामानबदलाशी सामना करण्यासाठी अधिभार लावला आहे. तो योग्यच आहे, आणि पर्यटकांनी तो कुरकुर न करता द्यावा असं मला वाटतं.

मोठ्या हॉटेलांच्या न्याहारीत कित्येक वर्षं क्रीटचं काहीच नव्हतं. डब्यातला घेवडा, परदेशी बेकन, चौकोनी पुड्यांतला जॅम, असं जगभर सारखंच दिसणारं टेबल. २०१० मध्ये ग्रीसच्या हॉटेलांच्या राष्ट्रीय संस्थेनं ‘ग्रीक न्याहारी’ नावाचा उपक्रम काढला. प्रत्येक प्रांतानं आपलं चीज, मध, पाव, पोळ्या निवडायच्या आणि हॉटेलांनी ते आसपासच्या उत्पादकांकडून घ्यायचं. मला हा उपक्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून मेंढपाळाच्या चीजला आणि डोंगरातल्या मधाला गावातच गिऱ्हाईक मिळतं. त्याच वर्षी मेडिटरेनियन आहाराची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली आणि त्यात ग्रीस होता. कोकणात आणि गोव्यात घरगुती निवास चालवणाऱ्यांनी या उपक्रमाकडे बारकाईनं पाहावं. सकाळी पाहुण्यापुढे ब्रेड-बटर ठेवण्यापेक्षा घावन, आंबोळी, खापरोळी ठेवली तर पाहुणा काय घेऊन परत जातो, हे हानियात दिसतं.

मराठी शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होईल, ही भीती काढून टाकावी. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात उपवासाचे दिवस वर्षातले जवळपास निम्मे भरतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे डाळी, वाटाणे, भाज्या आणि तेलातले कितीतरी पदार्थ घरोघर येतात. ‘निस्तिसिमो’, उपवासाचं, असं म्हणावं; पण त्यात कोळंबी, माकूल चालतात, तेव्हा तेही नको असं सांगून ठेवावं. फक्त चीज चालत असेल तर तेही सांगावं, नाहीतर बुगात्साला मुकाल.

जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. उन्हाळ्याची गर्दी नसते आणि माणसांना बोलायला सवड असते. मुक्काम घरात कुणी राहत असेल अशाच ठिकाणी करा आणि खोलीच्या भाड्यात न्याहारी घेऊ नका. सकाळी सातला बाहेर पडा, चिनाराखाली बसा, कॉफीत साखर किती ते आधीच सांगा आणि घाई करू नका. कुणी तुमचे पैसे दिले तर पाकिटाला हात लावू नका. “एफखारिस्तो” म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी पोचून त्याच्या कॉफीचे पैसे देऊन ठेवा.